उच्च दर्जाच्या होम थिएटरसाठी सराउंड साउंड प्रोसेसरची निवड : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

गेल्या अडीच दशकांत रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग येथे पूर्वीपासून होताच. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाला आणि महानगरातील नोकरदार व व्यावसायिक वर्ग सुट्टीच्या घरासाठी या परिसराकडे वळला. २००५ साली कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी याच भागात एन. डी. स्टुडिओची उभारणी केली. चित्रपटनिर्मितीशी परिसराचा संबंध त्यामुळे दृढ झाला. आज उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत उभ्या राहिलेल्या अनेक बंगल्यांत चित्रपट पाहण्यासाठी एक स्वतंत्र खोली राखलेली आढळते. या खोलीसाठी केल्या जाणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा ज्या एका उपकरणावर पडतो, ते म्हणजे सराउंड साउंड प्रोसेसर होय.

भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला परिचितांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कोणता प्रोसेसर घ्यावा?" प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे गांभीर्य खालापूर तालुक्यातील एका परिचितांच्या घरी जाणवले. त्यांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतील मोठा भाग खर्चून होम थिएटर उभारले होते. प्रोसेसर नामांकित होता, स्पीकर उत्तम होते, पडदा भव्य होता. परंतु त्यांच्या वृद्ध मातोश्री चित्रपट पाहताना दर दोन मिनिटांनी विचारीत, "काय म्हणाला रे तो?" पुढे पुढे त्या खोलीत येईनाशा झाल्या. घरच्यांनी त्यांचे कान तपासून घेण्याचे ठरविले. वास्तविक त्याच आजी स्वयंपाकघरात बसून ओटीवरील बोलणे स्पष्ट ऐकत असत. दोष कानांत नसून अन्यत्र होता. आणि अधिक महाग प्रोसेसर आणूनही तो दूर झाला नसता.

हा अनुभव प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) सराउंड साउंड प्रोसेसरचे कार्य सुबोध रीतीने स्पष्ट करणे.
(२) खोलीचे ध्वनिगुण व प्रोसेसर यांचा परस्परसंबंध उदाहरणाने दाखविणे.
(३) कर्जत-खालापूर परिसरातील पर्जन्य, वीजपुरवठा व शेजार यांचा निवडीवर होणारा परिणाम तपासणे.
(४) निवडीचा योग्य क्रम सुचविणे.

विशिष्ट कंपन्यांच्या उत्पादनांची श्रेणी लावणे हा लेखाचा हेतू नाही. उत्पादने दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, निवडीची तत्त्वे मात्र टिकून राहतात.

२. प्रोसेसर म्हणजे काय?

सर्वसामान्य होम थिएटरमध्ये 'रिसीव्हर' नावाचे एकच उपकरण असते. ध्वनीची संकेतावली उलगडणे आणि तो ध्वनी स्पीकर हलविण्याइतका शक्तिशाली करणे, ही दोन्ही कामे ते करते. उच्च दर्जाच्या व्यवस्थेत ही कामे विभागली जातात. प्रोसेसर केवळ बुद्धीचे काम करतो, बळाचे काम स्वतंत्र ॲम्प्लिफायर करतात. या विभागणीमुळे ॲम्प्लिफायर कायम ठेवून भविष्यात केवळ प्रोसेसर बदलता येतो, हा तिचा व्यावहारिक लाभ होय.

प्रोसेसरची प्रमुख कार्ये पाच आहेत. पहिले कार्य म्हणजे डिस्क किंवा इंटरनेटवरून आलेल्या संकेतावलीचे वाचन. दुसरे कार्य म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाट्याचा ध्वनी वेगळा करणे. तिसरे कार्य वेळेचे आहे. समजा, समोरचा स्पीकर श्रोत्यापासून ३.६ मीटर व बाजूचा स्पीकर १.५ मीटर अंतरावर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरल्यास २.१ मीटरच्या या फरकामुळे बाजूचा ध्वनी सुमारे ६ मिलिसेकंद आधी पोहोचेल. प्रोसेसर तेवढा विलंब लावून दोन्ही ध्वनी एकाच वेळी कानावर आणतो. चौथे कार्य म्हणजे मंद्र ध्वनीचे व्यवस्थापन. साधारणतः ८० हर्ट्झखालील ध्वनी लहान स्पीकरांकडून काढून तो सबवूफरकडे वळविला जातो. पाचवे व सर्वांत नाजूक कार्य म्हणजे खोलीमुळे ध्वनीत आलेल्या विकृतीची दुरुस्ती.

थोडक्यात, प्रोसेसर हा चित्रपट व खोली यांमधील दुभाषी आहे. दुभाषी कितीही विद्वान असला, तरी ऐकणाऱ्याभोवती गलका चालू असेल तर त्याची विद्वत्ता व्यर्थ जाते.

३. ध्वनिपद्धतींचा संक्षिप्त मागोवा

बहुवाहिनी ध्वनीची कल्पना नवी नाही. वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटेशिया' या १९४० सालच्या चित्रपटासाठी 'फँटासाउंड' ही पद्धती वापरण्यात आली होती. भारतात १९७५ साली 'शोले' हा चित्रपट ७० मिलिमीटर पडदा व स्टिरिओफोनिक ध्वनीसह प्रदर्शित झाला आणि ध्वनी पडद्याच्या बाहेर येऊ शकतो, याची प्रचिती सामान्य प्रेक्षकाला आली. डॉल्बी स्टिरिओ या पद्धतीत डावी, मधली, उजवी व मागील अशा चार वाहिन्या दोन ध्वनिपट्ट्यांत गुंफलेल्या असत. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'ने ती जगभर रूढ केली. '१९४२ : अ लव्ह स्टोरी' (१९९४) हा या पद्धतीचा अवलंब करणाऱ्या आरंभीच्या हिंदी चित्रपटांपैकी होय. १९८७ साली आलेल्या डॉल्बी प्रो लॉजिकने हीच गुंफण घरी उलगडण्याची सोय केली. आजच्या प्रोसेसरचा तो पूर्वज म्हणता येईल.

यानंतर अंकीय पद्धती आल्या. 'बॅटमॅन रिटर्न्स' (१९९२) या चित्रपटापासून डॉल्बी डिजिटल आणि 'जुरासिक पार्क' (१९९३) या चित्रपटापासून डीटीएस चित्रपटगृहांत आले. '५.१' ही संज्ञा याच काळात घरोघरी पोहोचली : पाच मुख्य वाहिन्या व एक मंद्र ध्वनीची वाहिनी.

२०१२ साली 'ब्रेव्ह' या चित्रपटाद्वारे आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीने मूलभूत बदल केला. पूर्वी ध्वनिमुद्रक एखादा आवाज विशिष्ट स्पीकरच्या वाहिनीत टाकीत असे. ॲटमॉसमध्ये तो आवाज अवकाशातील कोणत्या बिंदूवर आहे एवढेच नोंदविले जाते; तो बिंदू खोलीतील उपलब्ध स्पीकरांमधून कसा साकारायचा, याचे गणित प्रोसेसर जागेवर करतो. २०१४ पासून ही पद्धती घरगुती उपकरणांत उपलब्ध झाली. घरगुती ॲटमॉसमध्ये कमाल २४.१.१० अशी रचना शक्य असते. यातील पहिला अंक कानाच्या पातळीवरील स्पीकरांचा, दुसरा मंद्र वाहिनीचा आणि तिसरा छतावरील स्पीकरांचा असतो. डीटीएस-एक्स व ऑरो-थ्रीडी या अन्य प्रचलित पद्धती होत.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानात येते. पद्धती दर दशकात बदलत गेल्या, म्हणून प्रोसेसर हा व्यवस्थेतील सर्वांत लवकर कालबाह्य होणारा घटक ठरतो. चांगला स्पीकर वीस वर्षे टिकतो, खोली त्याहूनही अधिक. असे असताना सर्वाधिक खर्च सर्वांत अल्पायुषी घटकावर करणे कितपत योग्य, याचा विचार व्हावयास हवा.

४. खोलीचे गणित

उदाहरणादाखल 'वीस बाय पंधरा' फुटांची व दहा फूट उंचीची खोली घेऊ. आपल्याकडील बांधकामात असे सोयीचे आकडे नेहमी आढळतात. मीटरमध्ये ती साधारण ६ × ४.५ × ३ होते.

प्रत्येक बंदिस्त खोलीला स्वतःच्या अनुनादी वारंवारता असतात. दोन समोरासमोरील भिंतींमधील सर्वांत खालची अनुनादी वारंवारता ही ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट, या सूत्राने मिळते. त्यानुसार लांबीसाठी २८.६, रुंदीसाठी ३८.१ व उंचीसाठी ५७.२ हर्ट्झ ही मूल्ये येतात. आता लांबीच्या अनुनादाची दुप्पट केल्यास ५७.२ हर्ट्झ येते, म्हणजे नेमकी उंचीची वारंवारता. पुढे लांबीची चौपट, रुंदीची तिप्पट व उंचीची दुप्पट ही तिन्ही मूल्ये ११४.३ हर्ट्झ या एकाच आकड्यावर येऊन मिळतात. याचा कारणभूत घटक म्हणजे खोलीचे ४ : ३ : २ हे सुबक प्रमाण. परिणामी या वारंवारतांचा ध्वनी अवाजवी फुगतो व रेंगाळतो. ढोलाची थाप 'धप्' अशी न येता 'धूम्म्' अशी येते. बांधकामापूर्वी लांबी-रुंदी फूटभर बदलली असती, तर हा दोष विनाखर्च सौम्य झाला असता.

आसनाचे स्थानही महत्त्वाचे आहे. या खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलेल्या श्रोत्याला २८.६ हर्ट्झचा ध्वनी जवळजवळ ऐकू येत नाही, कारण त्या अनुनादाचा दाब तेथे शून्याजवळ असतो. मागील भिंतीला टेकून बसलेल्या श्रोत्याला तोच ध्वनी अतिरिक्त ऐकू येतो. प्रोसेसर तोच, चित्रपट तोच. दोन श्रोत्यांचा अनुभव मात्र भिन्न.

दुसरा प्रश्न निनादाचा आहे. ध्वनी थांबल्यानंतर तो साठ डेसिबलने क्षीण होण्यास लागणारा काळ सॅबिन यांच्या सूत्राने काढता येतो : ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण. आपल्या खोलीचे घनफळ ८१ घनमीटर व सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ ११७ चौरस मीटर आहे. गुळगुळीत गिलावा, लादी व काच यांचा सरासरी शोषणांक ०.०३ धरल्यास एकूण शोषण साडेतीन चौरस मीटर होते आणि निनादकाल सुमारे ३.७ सेकंद येतो. दारे-खिडक्या व सामान यांमुळे तो प्रत्यक्षात थोडा घटेल, तथापि संवाद स्पष्ट कळण्यासाठी अशा खोलीत तो ०.४ सेकंदाच्या आसपास असावा लागतो. त्याकरिता सुमारे ३२ चौरस मीटर शोषण हवे, म्हणजे आहे त्याच्या नऊपट.

मराठी उच्चारांत 'त', 'थ', 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा अल्प असते, स्वरांची अधिक. निनादामुळे आधीच्या स्वराची शेपटी पुढील व्यंजनावर येऊन पडते. आवाज मोठा ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाही. प्रस्तावनेतील आजींच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

५. खोली-दुरुस्ती : सामर्थ्य व मर्यादा

आधुनिक प्रोसेसरचे खरे मूल्य त्यातील खोली-दुरुस्तीच्या प्रणालीत असते. श्रोत्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून प्रत्येक स्पीकरमधून चाचणीध्वनी सोडला जातो. मिळालेल्या प्रतिसादाचे विश्लेषण करून प्रोसेसर उलट दुरुस्ती लावतो. ऑडिसी, स्वीडनमधील डिरॅक आणि फ्रान्समधील ट्रिनॉव्ह या प्रणाली सुपरिचित आहेत. ट्रिनॉव्हच्या मापनयंत्रात चार मायक्रोफोन असल्यामुळे स्पीकरचे अंतर व दिशा दोन्ही कळतात. एकाहून अधिक सबवूफर अथवा स्पीकर परस्परांच्या साहाय्याला लावून खोलीचा अनुनादच दाबून टाकण्याची तंत्रे २०२० नंतर काही उंची प्रोसेसरांत आली आहेत.

तथापि या प्रणालींच्या मर्यादा खरेदीपूर्वी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा अशी की, अनुनादामुळे फुगलेला ध्वनी कमी करता येतो, पण विलोपामुळे नाहीसा झालेला ध्वनी नुसता वाढवून परत आणता येत नाही. दहा डेसिबल वाढीसाठी ॲम्प्लिफायरला दसपट शक्ती द्यावी लागते. एवढे करूनही तो ध्वनी परावर्तित ध्वनीशी त्याच प्रमाणात छेदला जातो. अशा वेळी आसन किंवा सबवूफर हलविणे अथवा दुसरा सबवूफर जोडणे हाच उपाय उरतो.

दुसरी मर्यादा म्हणजे दुरुस्ती मोजलेल्या जागेपुरती असते. मध्यम व उच्च वारंवारतांना तरंगलांबी आखूड असल्याने डोके थोडे हलले तरी चित्र बदलते. त्यामुळे प्रणालीत दुरुस्तीची वरची वारंवारता ठरविण्याची मुभा असावी. अनेक जाणकार ती काहीशे हर्ट्झपर्यंतच मर्यादित ठेवणे पसंत करतात.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. निनाद हा प्रामुख्याने पृष्ठभागांचा गुणधर्म आहे. गुळगुळीत लादीचा गालिचा करण्याची किमया कोणत्याही प्रोसेसरमध्ये नाही.

६. किती वाहिन्या हव्यात?

विक्रेत्याच्या दालनात वाहिन्यांची संख्या हाच श्रेष्ठत्वाचा निकष मानला जातो. वास्तविक वाहिन्यांची आवश्यकता खोलीच्या आकारावर व आसनांच्या ओळींवर अवलंबून असते. एका ओळीत चार-पाच श्रोते बसणार असतील व खोली वरील उदाहरणाएवढी असेल, तर ५.१.४ अथवा ७.१.४ ही रचना पुरेशी ठरते. आसनांच्या दोन ओळी असतील, तर ९.१.४ किंवा ९.१.६ चा विचार करावा. त्यापलीकडील संख्या खरोखरच मोठ्या खोलीसाठी उपयुक्त असते. लहान खोलीत दोन स्पीकरांमधील कोन इतका कमी होतो की श्रोत्याला भेद जाणवत नाही.

याउलट सबवूफरसाठी स्वतंत्र जोडण्या किती आहेत, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. दोन किंवा अधिक सबवूफरांना वेगवेगळा विलंब व पातळी देता येणे हे अकराव्या-बाराव्या स्पीकरपेक्षा अधिक उपकारक असते. तसेच ॲम्प्लिफायर दूर ठेवायचे असल्यास संतुलित जोडणी असलेला प्रोसेसर निवडावा. लांब तारांत शिरणारी ५० हर्ट्झची घरघर त्यामुळे बरीचशी टळते.

७. आपण ऐकणार काय?

निवडीपूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा साधा प्रश्न म्हणजे, या खोलीत प्रामुख्याने काय पाहिले जाणार? इंटरनेटवरून येणारा ॲटमॉस बहुधा संकुचित स्वरूपाच्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो. संपूर्ण माहिती जपणारे डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे प्रकार ब्लू-रे डिस्कवर मिळतात. दूरचित्रवाणी संचातील ॲपमधून ध्वनी प्रोसेसरकडे आणायचा असल्यास ई-आर्क जोडणी आवश्यक समजावी.

मराठी कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा येतो. आपण ज्या चित्रपटांवर वाढलो, त्यांपैकी पुष्कळसे एकवाहिनी ध्वनीतील आहेत. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'पासून 'श्यामची आई' (१९५३) पर्यंत आणि त्यापुढेही दीर्घकाळ हीच स्थिती होती. उलट 'सैराट' (२०१६) साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंदासह संगीत ध्वनिमुद्रित केले. तेथे तंतुवाद्यांचे थर वेगवेगळे ऐकू येणे हाच आनंद आहे. चांगल्या प्रोसेसरने या दोन्ही टोकांना न्याय द्यावा. जुना एकवाहिनी ध्वनी मधल्या स्पीकरमधून जसाच्या तसा वाजविण्याची सोय असावी. दोन वाहिन्यांचा ध्वनी अनेक स्पीकरांत पसरविणाऱ्या प्रणाली एका कळीने बंद करता याव्यात. मधल्या स्पीकरची पातळी चित्रपट चालू असताना वाढविता यावी. दालनातील प्रात्यक्षिकात हेलिकॉप्टर व स्फोट ऐकविले जातात. ग्राहकाने सोबत एक जुना मराठी चित्रपट न्यावा व संवाद ऐकावेत, असे सुचवावेसे वाटते.

८. कर्जत-खालापूरची विशेष परिस्थिती

(अ) पाऊस : सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात वर्षाला साधारणतः तीन हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. छतावर पत्रा असल्यास पावसाचा आवाज संवादांवर मात करतो. मंद ध्वनी त्याखाली बुडतात, म्हणून श्रोता आवाज वाढवितो आणि पुढचा स्फोट असह्य होतो. यासाठी ध्वनीच्या लघुतम व महत्तम पातळ्यांतील अंतर कमी करणारी सुविधा प्रोसेसरमध्ये असावी. परंतु खरा उपाय छताखाली हवेची पोकळी सोडून दुहेरी जड आच्छादन लावणे हाच होय.

पावसाळ्यात ही घरे आठवडेच्या आठवडे बंद असतात. दमट हवेत जोडण्या काळवंडतात, बुरशी धरते, झरोक्यांतून मुंग्या व पाली उपकरणांत शिरतात. प्रोसेसर बंद कपाटात कोंडून ठेवू नये. त्याला हवा खेळती हवी व झरोक्यांना बारीक जाळी हवी. घर बंद असताना आर्द्रता काढणारे यंत्र ठराविक काळ चालू ठेवण्याची व्यवस्था असल्यास उत्तम.

(आ) वीज : १९१५ साली खोपोली येथील आणि १९२२ साली भिवपुरी येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांनी मुंबईला वीज पुरविण्यास प्रारंभ केला. ज्या परिसराने महानगराच्या गिरण्या चालविल्या, त्याच परिसरातील आडबाजूच्या घरांना पावसाळ्यात खंडित पुरवठा व कमीअधिक दाब सोसावा लागतो. प्रोसेसर हा वस्तुतः एक संगणक आहे. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेल्यास तो निकामी होऊ शकतो. त्यास ऑनलाइन यूपीएस जोडावा. विद्युत्पाताची लाट केवळ वीजतारेतून येत नाही. छतावरील डिशच्या तारेतून दूरचित्रवाणी संचात व तेथून एचडीएमआय तारेने प्रोसेसरपर्यंत ती पोहोचू शकते. घर बंद करताना भिंतीतील प्लग व डिशची तार दोन्ही काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, दरवर्षी तपासून घ्यावे.

(इ) दुरुस्ती : उंची प्रोसेसरांपैकी अनेक परदेशातून येतात. बिघाड झाल्यास तो देशात दुरुस्त होतो की परदेशी पाठवावा लागतो, तंत्रज्ञ कर्जतपर्यंत येतो काय, बदली यंत्र मिळते काय, हे प्रश्न खरेदीच्या पावतीपूर्वी विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत.

(ई) शेजार : हा मुद्दा तांत्रिक चर्चेत सहसा येत नाही. या परिसरातील बंगल्यांच्या कुंपणापलीकडे बहुधा एखादे गाव किंवा ठाकर, कातकरी समाजाची वाडी असते. रात्री तेथील शांतता शहरापेक्षा कितीतरी गाढ असते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु हे मापन मानवी कानाच्या संवेदनेनुसार भारित असते. त्यात ६३ हर्ट्झचा ध्वनी सुमारे २६ डेसिबलने व ३१.५ हर्ट्झचा सुमारे ३९ डेसिबलने कमी धरला जातो. शिवाय वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडविण्याची क्षमता ढोबळमानाने सहा डेसिबलने घटते. म्हणून मापक मर्यादेच्या आत असूनही सबवूफरची धडधड वाडीतील पत्र्यांना कंप आणू शकते. पहाटे उठून कामावर जाणाऱ्या माणसाची झोप हा आपल्या करमणुकीचा खर्च असता कामा नये. रात्रीसाठी मंद्र ध्वनी कमी केलेली मांडणी स्वतंत्रपणे साठवून ठेवता येणे, हा प्रोसेसर निवडीचा निकष मानला जावा.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो :

(१) खोलीचे प्रमाण, छत व शांतता यांचा विचार बांधकामापूर्वी करावा.
(२) गालिचा, जाड पडदे, पुस्तकांची कपाटे व शोषक फलक यांद्वारे निनाद आटोक्यात आणावा.
(३) आसने मागील भिंतीपासून व खोलीच्या मध्यापासूनही दूर ठेवावीत.
(४) अर्थिंग व वीजपुरवठा सुरक्षित करावा.
(५) आसनांनुसार स्पीकरांची संख्या निश्चित करावी व किमान दोन सबवूफर योजावेत.
(६) यानंतर त्या संख्येला पुरणारा, पारखलेली खोली-दुरुस्ती असलेला, संवादांवर नियंत्रण देणारा व देशात दुरुस्त होणारा प्रोसेसर निवडावा.
(७) उभारणीनंतर पुन्हा मापन करावे आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला बसवून संवाद ऐकवावेत.

हा क्रम महाविद्यालयांनाही लागू पडतो. दृक्-श्राव्य सभागृहासाठी निधी मंजूर होतो, तेव्हा उपकरणांची यादी आधी तयार होते व भिंतींचा विचार राहून जातो. वक्त्याचे भाषण मागील ओळीत न कळणे हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

१०. समारोप

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या घरी नवीन प्रोसेसर आणला गेला नाही. लादीवर गालिचा आला, काचेवर जाड पडदे आले, दोन भिंतींना पुस्तकांची कपाटे लागली, मधला स्पीकर आसनाच्या दिशेने किंचित वर वळविला गेला आणि जुन्याच प्रोसेसरने पुन्हा मापन करण्यात आले. त्यानंतर तेथे 'जैत रे जैत' (१९७७) लावण्यात आला. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारित, जब्बार पटेल दिग्दर्शित हा चित्रपट ठाकर समाजाच्या जीवनावरील असल्याने या परिसराला जवळचा आहे. आजी शेवटपर्यंत बसल्या. त्यांनी एकदाही "काय म्हणाला?" असे विचारले नाही. कानांची तपासणी पुढे झाली नाही, कारण तिची गरज कोणाला वाटली नाही.

तात्पर्य, सराउंड साउंड प्रोसेसर हे मानवी बुद्धीचे विलक्षण फलित असले तरी ते खोलीचा पर्याय नव्हे. उत्तम प्रोसेसर जरूर घ्यावा. परंतु तो शेवटी घ्यावा आणि त्याची कसोटी स्फोटाच्या गडगडाटावर न लावता घरातील वृद्ध माणसाला कळलेल्या साध्या वाक्यावर लावावी.